एरोनी दाजींचं विनाका

आमच्या वुनिदोंगो गावात कुणालाही विचारा, एरोनी कसा माणूस आहे? लोक आधी हसतात आणि मग सांगतात, फार चांगला. मी त्यांची मेहुणी. हसते मीही, पण 'चांगला' म्हणायच्या आधी जरा थांबते, कारण दाजींच्या चांगुलपणाचा सगळा भार माझ्या बहिणीच्या चुलीवर पडतो.

त्यांना नाही म्हणताच येत नाही. एकदा एकच डुक्कर त्यांनी दोन लग्नांना कबूल केलं. दोन्ही लग्नं एकाच शनिवारी. शेवटी सेनिमिली अक्कानं आपल्या माहेरून, म्हणजे आमच्याच भावाकडून, दुसरं डुक्कर आणवलं. एकदा चर्चमधून परतताना तीन घरांनी जेवायला हाक मारली, तर हे तिन्ही घरी जेवले आणि चौथ्यांदा स्वतःच्या घरी, कारण अक्कानं पान मांडून ठेवलं होतं. अक्का केवड्याच्या पातीची चटई विणते. तिचे हात इतके बारीक चालतात की शहरातल्या बायका वाट बघत बसतात. त्यातली सगळ्यात चांगली चटई कुण्या पाहुण्यानं 'वा' म्हणून हात फिरवला की गेलीच. दाजी ती गुंडाळून त्याच्या काखेत देतात आणि वर म्हणतात, "विनाका."

विनाका हा शब्द आमच्याकडं सगळीकडं चालतो. आभार मानायला विनाका, शाबासकी द्यायला विनाका, पुरे सांगायला विनाका, आणि काहीच बोलायचं नसलं तरी विनाका. दाजींना बाकीचे शब्द नसते तरी त्यांचा जन्म निघाला असता.

पण त्यांच्याकडं शब्दांची खाण आहे. त्यांचं कामच ते. आमच्याकडं गावप्रमुख स्वतः पाहुण्यांशी बोलत नाही. त्याच्या वतीनं बोलणारा माणूस ठरलेला असतो, आणि ते काम घराण्यात चालत येतं. दाजींचे वडील, आजोबा, सगळे हेच करत आले. पाहुणा यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, मुळ्यांची जुडी घेऊन येतो, समोर ठेवतो, आणि दाजी पोकळ तळहातांनी टाळी वाजवून ती गावाच्या वतीनं स्वीकारतात. मग भाषण. आमचे प्रमुख रातू एपेली फार थोडं बोलतात आणि हल्ली बराच वेळ डोळे मिटून असतात. म्हणजे भाषणाला लगाम कुणी नाही. मी एकदा म्हटलं, "दाजी, तुमच्या भाषणात यांगोना वाळून परत मुळी होते." ते पोट हलवत हसले. बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करणं आमच्यात मेहुणीचा हक्कच आहे, आणि त्यानं रागवायचं नाही हा रिवाज. दाजी तसेही रागवत नाहीत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनीची माणसं आली. समुद्राकडं गेलेल्या आमच्या टेकाडावर त्यांना कारखाना घालायचा होता. कचरा जाळायचा आणि त्या आचेवर वीज काढायची. कचरा आपल्या बेटांचा, आणि तो पुरला नाही तर जहाजानं बाहेरच्या देशांतला. टेकाडाच्या पायथ्याशी तिवरांचं रान आहे. मी आणि अक्का आठवड्यातून दोनदा तरी तिथं गुडघाभर चिखलात असतो. तिवरांच्या मुळांखाली हात घालून काळा खेकडा धरायचा, त्याच्या नांग्या दोरीनं बांधायच्या आणि बाजारच्या दिवशी तो विकायचा. आमच्या दोन घरांची मीठमिरची त्या चिखलातून येते. अक्काला तर त्या रानातलं एकेक बीळ माहीत आहे. ती बिळात हात घालते तेव्हा तोंडानं काहीतरी पुटपुटते. मी विचारलं तर म्हणते, "तुला काय करायचंय?"

कंपनीबरोबर अहवाल लिहिणारी एक मुलगी होती, आश्निता. राजधानीतली, सुवाची. गुणी पोरगी. साडीच्या कापडाचा लांब झगा घालून आली, गुडघे झाकून बसली, पुढून जाताना वाकून गेली. मुळ्यांची जुडीही भरघोस आणली. कारखाना लावायच्या आधी गावाशी बोलावं लागतं, गाव काय म्हणतं ते लिहून सरकारला द्यावं लागतं, असं तिनं नीट सांगितलं. मग तिचा साहेब ग्रँट उठला आणि भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रातल्या कारखान्याभोवती हिरवळ होती आणि हिरवळीवर एक पोर सायकल चालवत होतं. धूर कुठंच नव्हता.

बायका मागं, दाराशी बसतात. अक्कानं तिथूनच विचारलं, "जाळल्यावर राख राहील ना? ती कुठं टाकणार?"

अक्का चारचौघांत बोलत नाही. तिला बोलायला किती जोर लावावा लागला ते तिच्या शेजारी बसून मला कळत होतं, तिचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं होतं. ग्रँट साहेबानं आश्निताकडं बघितलं. आश्निता कागद चाळायला लागली. पाहुण्यांना अवघडल्यासारखं झालेलं दाजींना बघवेना. त्यांनी तिथल्या तिथं आभाराचं भाषण सुरू केलं.

ते भाषण मी विसरणार नाही. तुम्ही लांबून आलात, तुमच्या पायांना या मातीची ओळख झाली. आमचं दार तुम्हाला उघडं, आमचा रस्ता तुम्हाला मोकळा. तुमच्या मनात जे आहे ते फळाला येवो. रातू एपेलींच्या गावाचा आशीर्वाद तुमच्या पाठीशी. मग तीन टाळ्या. सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या, आणि सगळे म्हणाले विनाका. असं आम्ही कुणालाही म्हणतो. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाक्या विकायला आलेल्या माणसालाही दाजींनी हेच सांगितलं होतं, आणि गावानं एकही टाकी घेतली नव्हती.

जेवायला अक्कानं नारळाच्या दुधात शिजवलेले खेकडे केले होते. ग्रँट साहेबानं दोन वेळा वाढून घेतलं. मग त्यांच्या विमानाची वेळ झाली आणि ते धावतपळत निघाले. निरोपाची यांगोना ठेवायचीही त्यांना आठवण राहिली नाही. पाहुणा जाताना पुन्हा एक जुडी ठेवतो आणि जायची परवानगी मागतो, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. कुणी मनावर घेतलं नाही. शहरातली माणसं, घाईची.

पाऊस संपता संपता अहवाल आला. शाळेच्या मास्तरांनी चर्चच्या ओट्यावर बसून तो वाचून दाखवला. जाडजूड होता, आमचं गाव त्यात एका परिच्छेदात होतं. वुनिदोंगोच्या ग्रामस्थांनी आपल्या अधिकृत प्रवक्त्यामार्फत प्रकल्पाला आशीर्वाद दिला असून रस्त्यासाठी संमती दर्शवली आहे. उपस्थितांनी टाळ्या वाजवून ठरावास अनुमोदन दिले. कोणताही आक्षेप नोंदवला गेला नाही.

आधी लोक हसले. एकजण म्हणाला, "एरोनी, पुढच्या वेळी टेकाडाबरोबर चर्चही देऊन टाक." दाजीही हसले. मग मास्तरांनी समजावलं की हाच कागद सरकारपुढं जाणार, शहरात एक शेवटची जाहीर सुनावणी होणार, आणि तिथं कुणी वेगळं बोललं नाही तर हेच गावाचं म्हणणं धरलं जाईल. मग कुणी हसलं नाही. म्हातारे जमिनीकडं बघू लागले. दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अक्का उठून गेली. पुढं कितीतरी दिवस ती दाजींशी बोलली नाही. कसावा उकडायची, पान मांडायची आणि बाहेर जाऊन विणायला बसायची. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला राहवेना म्हणून मी एकदा तिच्याजवळ विषय काढला. तेव्हा ती पाती चिरत म्हणाली, "जन्मात एकदा मी लोकांपुढं काही विचारलं, रेआपी. त्यांनी त्यावर भाषण आंथरलं." मला दाजींचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांची थट्टासुद्धा केली नाही. त्यानं ते जास्तच घाबरले.

शेवटी ते जुडी घेऊन रातूंकडं गेले आणि चूक पदरात घ्या म्हणाले. मी दाराशीच होते. रातूंनी बराच वेळ डोळे मिटून ठेवले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "गावाच्या नावानं हो तूच म्हणालास. आता गावाच्या नावानं नाही पण तूच म्हण."

दाजी घाम पुसत बाहेर आले. मला म्हणाले, "मेहुणीबाई, आमच्या घराण्यात हे कुणी केलेलं नाही. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं त्याचं भाषणच नाही आमच्याकडं."

"भाषण कशाला हवं? सेंगा म्हणा. एक शब्द आहे."

"एक शब्द," ते म्हणाले, आणि नीरफणसाच्या झाडाखाली मटकन बसले.

मग मी त्यांना शिकवायला घेतलं. मी विचारायची आणि त्यांनी सेंगा म्हणायचं, एवढंच. दाजी, तुमची होडी मला देता? तर म्हणत, आपण बघू. दाजी, तुमची होडी मला कायमची देता? तर म्हणत, तुला गरज असेल तर विचार करू. मी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, दाजी, तुमचं डोकं मी खलबत्त्यात घालून कुटू का? जरा विचार करून ते म्हणाले, "त्यात तुझाच खलबत्ता खराब होईल." एवढ्यात शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला आणि त्यांची फावडी घेऊन गेला. आम्हा दोघांनाही ते तो गेल्यावर लक्षात आलं.

सुनावणी शहराच्या सभागृहात होती. आम्ही गावचे सगळे दोन गाड्यांत दाटीवाटीनं बसून गेलो. रातूंना पुढच्या सीटवर उशी देऊन बसवलं. अक्का आमच्याच गाडीत, दाजींच्या समोर, पण बाहेर बघत. दाजींनी चांगला शर्ट, कमरेला काळं लुंगीवजा वस्त्र आणि वडिलांचा पट्टा घातला होता. मांडीवर मुळ्यांची एक जुडी. मी विचारलं ही कशाला, सुनावणीत कुणी यांगोना पीत नाही. ते नुसते पुटपुटत राहिले. आता हा माणूस तिथंही स्वागत करणार, असं मला वाटलं.

सभागृहात खुर्च्या होत्या. व्यासपीठावर पर्यावरण खात्याच्या लोसालिनी बाई, बाजूला ग्रँट साहेब, आणि लॅपटॉप घेऊन आश्निता. पुन्हा चित्रं, पुन्हा ते सायकलवालं पोर. शहरातली दोनतीन माणसं बोलली. मग बाईंनी गावाचं नाव पुकारलं. तिकडं बोलायला माईक ठेवला होता. दाजी माईककडं गेलेच नाहीत. ते व्यासपीठासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, जुडी पुढं ठेवली आणि पोकळ टाळी वाजवली. मागून गावच्या सगळ्या पुरुषांनी, खुर्च्यांवर बसल्या बसल्या, टाळी दिली. एक मुलगा धावत जाऊन माईक त्यांच्या तोंडाशी धरून बसला.

दाजी म्हणाले, आमच्या घरी पाहुणे आले होते. चांगले पाहुणे, रीतीनं आले. त्यांना आम्ही सांगितलं, दार उघडं आहे, रस्ता मोकळा आहे. हे आम्ही येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतो. दार त्या माणसाला उघडं असतं. त्याच्या डोक्यावर काय ओझं आहे, ते घरात घ्यायचं का, हे नंतर बसून बोलायचं असतं. ते बोलणं झालंच नाही. पाहुणे घाईत होते, आमचा निरोप न घेता गेले. म्हणून आमच्या रीतीप्रमाणं ते अजून आमच्याच घरात बसलेले आहेत आणि बोलणं अर्धवट आहे. त्यांना अवघड वाटू नये म्हणून त्यांच्या वाटणीची निरोपाची जुडी रातू एपेलींनी आपल्या घरातून दिली आहे. ही घ्या. तुमची गलबतं सुखरूप जावोत, तुमची मुलंबाळं सुखी राहोत, तुमचा कारखाना जिथं जाईल तिथल्या लोकांनी तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जेवू घालावं.

आमच्या रांगांमध्ये खसखस पिकली. आश्निता पडली सुवाची, पण हा निरोप आहे हे तिलाही आता कळलं होतं. तिनं लॅपटॉपवरचे हात उचलून तोंडावर ठेवले. ग्रँट साहेब मात्र हसून मान डोलवत होता. तो शेजारच्या माणसाला म्हणाला की किती सुंदर स्वागत.  पुन्हा तेच झालं होतं. इतकं गोड बोलून दाजींनी सगळं घालवलं होतं.

लोसालिनी बाई आमच्यातल्याच. त्यांना सगळं समजलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्या पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, भाषण मी ऐकलं. पण मला कागदावर लिहायचंय, आणि हा कागद वाचणाऱ्यांना ही रीत माहीत नसेल. मला एका शब्दात सांगा. गावाची संमती आहे की नाही?"

दाजींनी तोंड उघडलं.  त्यांच्या मानेवरून घाम ओघळून वडिलांच्या पट्ट्यात जिरत होता. त्यांनी रातूंकडं बघितलं, रातूंचे डोळे मिटलेले. मग ते मान वळवून मागं बघू लागले, आमच्या बायकांच्या रांगेकडं. अक्का त्यांच्याकडंच बघत होती.

"सेंगा," दाजी म्हणाले. "नाही."

ते इतकं हळू होतं की माईकमुळंच ऐकू आलं. रातूंनी डोळे न उघडता एक टाळी वाजवली.

आता उठतील असं वाटलं. पण बाई म्हणाल्या, "हे गावाचं झालं. इथं प्रत्येकाला स्वतःचंही बोलता येतं. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांच्या वडिलांनाही नाही. दाजी जमिनीवर बसल्या बसल्या जुडीवरची दोरी चाचपत राहिले. मी दाजींना पाहुण्यांसमोर शब्द शोधताना पहिल्यांदा बघितलं.

"माझी बायको तिथं खेकडे धरते," ते म्हणाले. "तिनं त्या दिवशी विचारलं होतं, राख कुठं टाकणार. ते या अहवालात नाही. आश्निताची चूक नाही त्यात. पोरगी कागदात उत्तर शोधत होती, तेवढ्यात मी मोठ्यानं बोलायला लागलो." ते थांबले. "ती चारचौघांत विचारत नाही. म्हणजे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याचं उत्तर द्या आधी. नाहीतर माझंही नाही."

बाईंनी विचारलं, "नाव काय लिहू? गावाचे प्रवक्ते?"

"नाही," दाजी म्हणाले. दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. "एरोनी लिहा. सेनिमिलीचा नवरा."

मी अक्काकडं बघितलं नाही. आमच्यात असं बघत नाहीत. पण तिचं कोपर पुन्हा माझ्या बरगडीत रुतलं, आणि मी ते तिथंच राहू दिलं. मला रडू आलं, ते मी चर्चच्या रुमालात पुसलं.

 राख टेकाडाखालीच खड्डा करून पुरायचा विचार आहे, असं बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर ग्रँट साहेबानं कबूल केलं. म्हणजे तिवरांच्या मुळाशी, खेकड्यांच्या बिळांवर. सभागृहात एकदम गलका झाला आणि लोसालिनी बाईंना टेबल वाजवावं लागलं. पुढं काही महिन्यांनी खात्यानं अहवाल परत पाठवला. त्या जागेला मंजुरी नाही, दुसरी जागा सुचवायची असेल तर गावोगावी पुन्हा विचारायचं, आणि बायकांना वेगळं बसवून विचारायचं, असं त्यात होतं. दुसऱ्या जागेचं काय झालं मला ठाऊक नाही. आश्निता मात्र नंतर एकदा एकटीच आली, निरोपाची जुडी घेऊन. दाजींनी तिला चटई दिली. या वेळी अक्काला विचारून.

त्या दिवशी सुनावणीहून परतताना मात्र यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. गाडीत सगळे गाणी म्हणत होते. दाजी थकून खिडकीला टेकले होते. अक्का आता त्यांच्या शेजारी बसली होती. गाण्याच्या गोंगाटात ती त्यांना म्हणाली, तसं हळूच, पण मी पुढंच बसले होते आणि मला कान आहेत.

"मला वाटलं होतं, तुम्ही तिथंही विनाका म्हणाल."

दाजींनी खिडकीवरून डोकं उचललं.

"म्हणणारच होतो," ते म्हणाले.